विंचवाचं बिऱ्हाड काट्यावर



नोव्हेंबर लागला की इथली माणसं घराबाहेर पडायला लागतात. सहा महिने एसीत कोंडून घेतल्यावर अल कुद्राच्या तळ्याकाठी, म्लेइहाच्या वाळूत, हत्ताच्या डोंगरात, जेबेल जैसच्या वळणांवर तंबू दिसायला लागतात. आणि अलीकडे तंबूंच्या जोडीला कॅम्पर. म्हणजे गाडीमागं ओढायचं, चाकांवरचं छोटं घर. आत झोपायची सोय, ओटा, पाण्याची टाकी, टपावर एसी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसंच. आपल्या मराठी मंडळींपैकी काहींनी स्वतःचे कॅम्पर घेतलेत, काही जण दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं घेतात. आज या बिऱ्हाडाच्या वजनाबद्दल बोलायचं आहे. ज्यांच्याकडे कॅम्पर नाही त्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण गावाहून आई-वडील आले की सात माणसं, टपावर पेटी आणि मागं पाण्याच्या बाटल्या असा थाट आपण सगळेच करतो.

वजनकाटा म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला पहिल्यांदा साखर कारखाना आठवतो. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, आत बसलेला माणूस आकडा सांगतो, आणि शेतकरी मनात म्हणतो, हा आकडा खरा कशावरून? काटामारी हा शब्द कोल्हापूर-सांगलीकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो. २० टनांच्या खेपेत एक टक्का मारला तरी २०० किलो ऊस गेला, आणि शेतकऱ्याच्या हंगामात अशा किती खेपा होतात ते मोजा. म्हणून तर शेतकरी संघटनांची आंदोलनं झाली, वैधमापन खात्याची भरारी पथकं फिरली, आणि आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून मगच कारखान्याच्या काट्यावर जायचं अशी पद्धत काही जणांनी पाडली. आपला माणूस काट्याशी भांडत आलाय तो या शंकेनं, की काटा कमी दाखवतो.

कॅम्परवाल्याचं उलटं असतं. त्याला काटा जास्त दाखवेल ही धास्ती असते, म्हणून तो काट्याकडे फिरकतच नाही. कोणी अडवतही नाही. २०२३ मध्ये अमिरातीच्या केंद्र सरकारनं जड वाहनांच्या वजनाचा कायदा केला, कमाल मर्यादा ६५ टन ठरवली. पण त्या कायद्याचा रोख खडी, सिमेंट, कंटेनर वाहणाऱ्या ट्रकांवर आहे. शनिवारी सकाळी हत्ताकडे निघालेल्या कुटुंबाला रस्त्यात थांबवून कोणी काट्यावर चढवत नाही. तेव्हा ज्याचं वजन त्यानंच मोजायचं, असा हा मामला आहे.

आता मोजायचं कशाशी ताडून? तीन ठिकाणी मर्यादा लिहिलेल्या असतात. एक, गाडीच्या मुलकियावर, म्हणजे नोंदणीच्या कार्डावर, रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन असतं. दोन, बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली सापडते. नसली तर पुस्तिकेत पाहा. तीन, ट्रेलरच्या दांड्यावर धातूची पाटी असते, तिच्यावर ट्रेलरचं कमाल वजन. शिवाय गाडीमागं जो लोखंडी गोळा असतो, टो-बॉल म्हणतात तो, त्याच्या जोडणीवर किती भार चालेल हेही कोरलेलं असतं. हे सगळे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. काट्यावर उभं राहून पुस्तिका चाळायला वेळ नसतो, मागं ट्रकवाले हॉर्न देत असतात.

माहितीपत्रकात ट्रेलरचं जे रिकामं वजन छापलेलं असतं त्याच्यावर विसंबू नका. ते कारखान्यातून निघतानाचं. त्यानंतर विक्रेता टपावर एसी बसवतो, बाजूला छत्रीवजा कापड लावतो, दुसरी बॅटरी टाकतो, सौर पट्ट्या चढवतो. आपण भांडी, गाद्या, गॅस भरतो. पाणी तर विचारूच नका. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात सूट नाही. आपल्या घरात येणारी पाच गॅलनची बाटली जवळपास १९ किलोंची असते. अशा चार बाटल्या म्हणजे एक जाडजूड माणूस.

काटे सापडतात औद्योगिक भागांत. जेबेल अली, शारजातलं सजा, अबू धाबीतलं मुसफ्फा, रास अल खैमा आणि फुजैराकडच्या खडीच्या वाटा. अरबीत काट्याला मीझान म्हणतात, पाटीवर तोच शब्द शोधा. फी किरकोळ असते. जाण्याआधी फोन करून विचारा की बाहेरच्या छोट्या गाड्यांचं वजन करता का, आणि एकाच गाडीचं तीन-चार वेळा, चाकं पुढं-मागं घेऊन करू द्याल का. हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. सकाळी लवकर जा, ट्रकांची रांग लागायच्या आत. आत बसलेला माणूस बहुतेक केरळी किंवा पाकिस्तानी, हिंदी उत्तम बोलणारा. एवढुशा गाडीचं वजन कशाला, असं तो आधी विचारतो. कारण सांगितलं की आपल्याहून जास्त उत्साहानं मदत करतो.

गेल्या मोसमात आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं नवा कॅम्पर घेतला आणि डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत हत्ताला जायचं ठरवलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि सांगलीकडून आलेले आई-वडील. गाडी सात सीटची, दणकट फोर-व्हील. विक्रेत्यानं सांगितलेलं की ही गाडी तीन टन ओढते, ट्रेलरची पाटी दोन टनांची, काळजीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना काट्यावर घेऊन गेलो. सगळं सामान भरून, टाकी भरून, सहाही माणसं आत बसवून. वजन करायचं तर जसं जाणार तसंच करायचं. माणसं खाली उतरवून काढलेलं वजन म्हणजे चप्पल काढून, खिसे रिकामे करून डॉक्टरच्या काट्यावर उभं राहण्यासारखं.

पहिली पावती आली: गाडी आणि ट्रेलर मिळून ५,२०० किलो. मित्र खूश. त्याचा हिशेब असा, की गाडीची मर्यादा ३,२६० आणि ओढायची ताकद ३,०००, बेरीज ६,२६०. म्हणजे एक टनाहून जास्त जागा शिल्लक! बहुतेक माणसं काट्यावर गेलीच तर इथंच थांबतात, ही एक पावती घेऊन घरी येतात आणि पाकिटात ठेवतात. माझा व्यवसाय आकड्यांचा असल्यानं मला एकूण बेरजेचा जरा संशयच येतो. कंपनीचा एकूण आकडा गुटगुटीत दिसतो आणि एका खात्याला भोक पडलेलं असतं, हे आम्ही रोज बघतो.

म्हणून आम्ही परत चढलो. या वेळी फक्त गाडीची पुढची चाकं काट्यावर: १,३४०. मग आणखी पुढं सरकून गाडीची चारही चाकं वर, पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर, जोडणी तशीच: ३,३८०. मग बाजूला जाऊन ट्रेलर सोडला आणि नुसती गाडी, माणसांसकट, काट्यावर: पुढची चाकं १,४६०, पूर्ण गाडी ३,१००. एवढंच. बाकी सगळं वजाबाकी.

ही वजाबाकी सावकाश ऐका. ट्रेलर जोडलेला असताना गाडी ३,३८०, सोडल्यावर ३,१००. मधले २८० किलो म्हणजे ट्रेलरची नाकाडी गोळ्यावर जो भार टाकते तो. जोडणीवर मर्यादा कोरलेली २५०. एकूण ५,२०० मधून गाडीचे ३,१०० गेले की ट्रेलर उरतो २,१०० किलोंचा. पाटी २,००० ची. गाडीची मर्यादा ३,२६०, आणि ट्रेलर जोडल्यावर तिच्या चार चाकांवर ३,३८०. आणि मागचा अ‍ॅक्सल? ३,३८० मधून पुढचे १,३४० वजा करा: २,०४०. दारावरच्या पट्टीवर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १,९३०. म्हणजे एक टन जागा शिल्लक असलेली गाडी चार ठिकाणी मर्यादेबाहेर होती.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे धोका. गोळ्यावर भार २८० किलो, पण मागच्या अ‍ॅक्सलवर तो २८० नं वाढला नाही. ट्रेलर सोडलेला असताना मागचा अ‍ॅक्सल १,६४० होता, जोडल्यावर २,०४०. चारशे किलो वाढले. हे जास्तीचे १२० कुठून आले? पुढच्या चाकांवरून. गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागं, सव्वा मीटरवर असतो. तिथं भार दिला की गाडी तराजूच्या दांडीसारखी वागते, मागचा अ‍ॅक्सल टेकू होतो आणि पुढचा भाग उचलला जातो. पुढची चाकं १,४६० वरून १,३४० वर आली ती त्यामुळे. आणि पुढची चाकं म्हणजे सुकाणू आणि ब्रेकचा मोठा वाटा. गाडीचं नाक जरा वर दिसतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, सुकाणू हातात हलकं लागतं. पुष्कळांना ते हलकेपण आवडतंसुद्धा.

मित्र हुशार. म्हणाला, गोळ्यावर भार जास्त आहे ना, मग ट्रेलरमधलं पुढचं सामान मागं टाकू. पाण्याचे कॅन, लाकडं, जनरेटर, सगळं मागच्या कप्प्यात. त्याचे वडील, आप्पा, तोवर खाली उतरून सावलीत उभे होते. शेतकरी माणूस, उभा जन्म बैलगाडीवर गेलेला. ते म्हणाले, "मागं नगं टाकू, गाडी उलाळ हुईल."

"आप्पा, ही बैलगाडी नाही."

"चाकं दोनच हायत न्हवं?"

मला इंग्रजी पुस्तिकांमधून जे समजायला दोन संध्याकाळ लागल्या होत्या ते आप्पांनी एका शब्दात सांगितलं. उलाळ. आपल्या शहरी कानांना हा शब्द आता परका झालाय. दोन चाकांच्या गाडीत चाकांच्या मागं ओझं जास्त झालं की दांडी वर उठते, जू बैलांच्या मानेवरून उचलतं, आणि गळ्यातल्या पट्ट्यांचा बैलांना फास बसतो. ती गाडी उलाळ झाली. उलट ओझं फार पुढं आलं तर जू मानेवर दाबतं, बैलांचे खांदे सुजतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून मळायची जी रीत आहे, ती त्या भाराची जाण ठेवणारी. गाडीवानाची सगळी कारागिरी या दोन्हींच्या मधला बिंदू साधण्यात: जू मानेवर टेकलेलं राहील, पण रुतणार नाही. कॅम्परच्या पुस्तिकेत नेमकं हेच टक्क्यांत लिहिलेलं असतं. अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर हवा म्हणतात; युरोपात बनलेल्यांना त्याहून कमी चालतो, त्यामुळे आपापली पुस्तिका पाहावी.

बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतात. ट्रेलर उलाळ झाला आणि वेग शंभराचा असला तर काय होतं ते सांगतो. ट्रेलर गोळ्याभोवती डावी-उजवीकडे फिरू शकतो. शेजारून मोठा ट्रक गेला, किंवा मोकळ्या वाळवंटात आडवा वारा लागला, की त्याला एक हेलकावा बसतो. एका वेगापर्यंत तो हेलकावा आपोआप विरतो. त्या वेगापुढं मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, पाळण्याला अचूक वेळी झोके देत राहावं तसा. मागं जितकं ओझं, तितका हा धोक्याचा वेग खाली येतो. एमिरेट्स रोडवर ट्रकांच्या ओळीशेजारून जाताना ट्रेलरची शेपटी डोलू लागली तर ड्रायव्हर घाबरून दोन गोष्टी करतो: जोरात ब्रेक दाबतो आणि सुकाणू उलटसुलट फिरवतो. दोन्हींनी ते वाढतं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, सुकाणू सरळ घट्ट धरायचं, आणि ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डखालच्या खटक्यानं फक्त तेच हलके लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. तो खटका कुठं आहे हे निघण्यापूर्वी शेजारी बसणाऱ्यालाही दाखवून ठेवा.

तर मग त्या कुटुंबानं काय केलं? सामान मागं सरकवलं नाही, कमी केलं. ट्रेलरची १२० लिटरची पाण्याची टाकी चाकांच्या पुढच्या बाजूला होती, ती तिथंच रिकामी केली. हत्ताला पाणी मिळतं, डोंगर चढवून न्यायची गरज नव्हती. गाडीच्या मागच्या दारापाशी चार मोठ्या बाटल्या होत्या, त्या उतरल्या. जनरेटर आणि जळणाची लाकडं मिळून साठेक किलो, तेही उतरलं. काकूंनी पुरणयंत्राचं आणि खलबत्त्याचं वजन विचारलं, पण त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. पुन्हा काटा. एकूण ४,९४०. जोडलेली गाडी ३,२००, त्यात पुढची चाकं १,३८०, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल १,८२०. सुटी गाडी २,९६०. गोळ्यावर २४०, ट्रेलर १,९८०. सगळं मर्यादेत आलं, ट्रेलर जेमतेम. एकूण वजनात २६० किलोंचा फरक, म्हणजे ५,२०० मधला विसावा भाग. पण मागच्या अ‍ॅक्सलवरून २२० किलो उतरले आणि पुढच्या चाकांवर ४० परत आले.

टायरचं सांगायचं राहिलं. इथल्या उन्हात हा भाग सगळ्यात नाजूक. टायरच्या कडेला आकड्यांच्या रांगेत शेवटी दोन किंवा तीन अंकी संख्या असते, भाराची. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००. या ट्रेलरला दोनच चाकं, टायर १०४ चे. पहिल्या वजनात जोडलेल्या ट्रेलरच्या चाकांवर १,८२० किलो होते: ५,२०० वजा ३,३८०. म्हणजे एका टायरवर ९१०. मर्यादा ९००. नंतर ते ८७० वर आलं. तेसुद्धा दोन्ही बाजूंना समान ओझं आहे असं धरून. प्रत्यक्षात ओटा आणि फ्रिज एकाच बाजूला असतात. आणि ही ९०० ची मर्यादा टायरमध्ये पूर्ण हवा असतानाची आहे. आपण वाळूत शिरताना हवा अर्ध्यावर आणतो, बाहेर पडताना भरायचा कंटाळा करतो, पेट्रोल पंप पुढं आहेच म्हणतो. ओझ्यानं दबलेला, कमी हवेचा टायर तापलेल्या रस्त्यावर शंभराच्या वेगानं धावला की आतून शिजतो आणि फुटतो. त्यात ट्रेलर वर्षातले आठ महिने उन्हात उभा. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायर पाच वर्षांहून जुना नको हा इथला नियम ट्रेलरलाही लावून घ्या. टायरवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३१२१ म्हणजे २०२१ सालचा ३१ वा आठवडा.

काट्याच्याही मर्यादा आहेत. हे काटे ६०-८० टनांच्या ट्रकांसाठी बनलेले, आकडा बहुधा २० किलोंच्या टप्प्यानं पुढं जातो. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून गोळ्यावरचे २४० किलो काढले, तर त्यात वीसेक किलो इकडचे तिकडे सहज होतात. काट्याला येणारी वाट उताराची असेल तर अर्धी चाकं वर आणि अर्धी खाली असताना गाडी तिरपी होते आणि अंदाज आणखी चुकतो. म्हणून गोळ्यावरचा भार घरी एकदा नीट मोजावा. त्यासाठी बाजारात छोटा काटा मिळतो. नसेल तर बाथरूममधला वजनकाटा आणि एक जाड फळी पुरते. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. टेकूंमधल्या अंतराचे तीन भाग करा. विटेपासून एक भाग आणि काट्यापासून दोन भाग अंतरावर ट्रेलरची नाकाडी टेकवा, चाकांना आधी ओंडके लावून. फळी आडवी, नाकाडी रोजच्या उंचीला. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट. ८० दाखवलं तर २४०. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका. जुने वाणी पासंग ठेवायचे ना, तसं.

परतीचा प्रवास कोणी मोजत नाही, आणि मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. जाताना पुढची टाकी भरलेली, पुढच्या कप्प्यात खाण्याचं सामान, गॅस भरलेला. तीन दिवसांत पुढचं पाणी संपतं, धान्य संपतं. आणि अंघोळीचं, भांड्यांचं सांडपाणी बऱ्याच कॅम्परमध्ये चाकांच्या मागच्या टाकीत साठतं. पुढचं पाणी मागं गेलं, एवढाच बदल. एकूण वजन कमी झालं, माणूस खूश, आणि ट्रेलर हळूच उलाळ होत चाललेला. त्यात हत्ताहून उतार, सुट्टीचा शेवट, सगळ्यांना घरी पोचायची घाई, दुसऱ्या दिवशी ऑफिस. म्हणून निघण्यापूर्वी मागची टाकी ठरवून दिलेल्या ठिकाणी रिकामी करा. वाळूत नाही, ठरवून दिलेल्या ठिकाणी. मोकळे कॅन, कचऱ्याच्या पिशव्या, ओले गालिचे मागच्या कप्प्यात कोंबू नका. जेबेल जैससारख्या लांब उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

भाड्यानं घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. देणारा आपल्याला चादरी किती, प्लेटा किती, हे सांगतो. त्याला विचारा: याचं भरलेलं वजन काट्यावर कधी केलंय, पावती दाखवा. टायरचं वर्ष स्वतः बघा. त्याला ब्रेक आहेत का, आणि असतील तर तुमच्या गाडीला त्यांची वायर जोडता येते का, हे विचारा. तुमच्या विम्यात ट्रेलर ओढणं धरलंय का, हे विमा कंपनीला लेखी विचारा, आणि ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जास्त असताना अपघात झाला तर काय, हेही त्याच पत्रात. उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. यात देणारा नाराज झाला तर दुसरा शोधा, या मोसमात पुष्कळ आहेत.

आणि स्वतःचा कॅम्पर असेल तर पावतीच्या मागं पेनानं लिहून ठेवा: कोण कोण बसलं होतं, कुठली टाकी किती भरली होती, कुठल्या कप्प्यात काय होतं. नुसता आकडा सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. आमच्या त्या मित्रानं दोन्ही वेळच्या पावत्या कॅम्परच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्यात. आप्पा मार्चमध्ये सांगलीला परत गेले. त्यांनी जाण्यापूर्वी त्या दारावर खडूनं एक रेघ ओढली, चाकांच्या बरोबर वर, आणि नातवंडांना सांगितलं, जड काही असंल तर या रेघंच्या आसपास, पन थोडं फुडं.

शुक्रवारी काटे दुपारपर्यंतच चालू असतील असं धरून चला, फोन करून जा.